बायकोकडून हातउसने

आमदारसाहेबांनी पत्नीकडून हातउसने पैसे घेतले आहेत. आकडा सांगत नाही. सांगितला तर पंधरा-वीस आमदारांना हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल आणि सगळ्यांचे फोन येतील. सव्वा कोटीच्या पुढे आहे, एवढं पुरे. नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात, दायित्वांच्या रकान्यात, नोटरीच्या शिक्क्यासह.

हातउसने म्हणजे महिनाअखेरीला शेजारून वाटीभर साखर आणावी तसे. पगार झाला की देतो म्हणायचं आणि घ्यायचे. साहेबांचा पगार कधी व्हायचाय कोण जाणे, कारण मागच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातही हे उसने होतेच. तेव्हा जरा कमी होते. पाच वर्षांत एक रुपया फेडला नाही, वर आणखी घेतले, आणि तरी संसार सुरळीत. जाहीर सभेत शेजारी शेजारी बसून हार घेतात. आमच्या घरी डाळीच्या डब्यातले पाचशे रुपये न सांगता घेतले तर चार दिवस फक्त भांडी बोलतात.

वहिनींचा व्यवसाय 'गृहिणी'. मग सव्वा कोटी आणले कुठून? तर त्यांनी ते सासूबाईंकडून उसने घेतलेत. सासूबाई, म्हणजे साहेबांच्या मातोश्री, प्रतिज्ञापत्रात 'अवलंबित क्रमांक 1' आहेत. साहेबांवर अवलंबून असलेल्या या माउलीने सुनेला सव्वा कोटी दिले, कारण एका भागीदारी फर्मने मातोश्रींना तेवढेच दिले होते. फर्ममध्ये चिरंजीव भागीदार. आणि फर्मला पैसे कुणी दिले? पान उलटा. 'दिलेली वैयक्तिक कर्जे' या रकान्यात साहेबांनी स्वतःच लिहिलंय. साहेबांनी फर्मला दिले, फर्मने मातोश्रींना, मातोश्रींनी सूनबाईंना, सूनबाईंनी साहेबांना. कागदावर बाण काढत गेलो तर चक्क गोल झाला. चौघांपैकी प्रत्येकजण कुणाचा तरी सावकार आणि कुणाचा तरी ऋणको. उद्या कुणी विचारायला आलंच, तर प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला बसलेल्याकडे बोट दाखवायचं.

मला त्यांच्या घरची रात्रीची जेवणं डोळ्यांसमोर येतात. वहिनी वाढता वाढता म्हणत असतील, "अहो, माझे तेवढे द्या की आता." साहेब म्हणत असतील, "फर्मकडून आले की देतो." चिरंजीव ताटातून मान वर न करता म्हणतील, "फर्मला आजीकडून यायचेत." आणि माळ ओढता ओढता मातोश्री, "सूनबाई, माझं कसं काय मग?" परत एक फेरी, परत भात. मातोश्री ठणठणीत आहेत, शतायुषी होवोत. पण उद्या त्यांचं येणं वारसाहक्काने साहेबांकडे आलं, की वहिनी साहेबांना देणं लागतील, साहेब वहिनींना लागतातच, आणि घरातून दमडीही न हलता सव्वा कोटी फिटतील. त्या दिवशी बहुधा 'कर्जमुक्त लोकप्रतिनिधी' म्हणून चौकात फ्लेक्स लागेल, आणि शुभेच्छुकांच्या फोटोंत सगळ्यात वर चिरंजीव.

यातला एक शब्द खोटा नाही, हे लक्षात घ्या. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 125अ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणून साहेब लपवत नाहीत. सगळं सरळ लिहितात, पानापानावर सही करतात, आणि आपण वाचून घरी जातो.

आता माझ्यासारख्याने उसने मागायचे झाले तर कुठे जायचं? म्हशीसाठी कर्ज मागून पाहा. सात-बारा आणा, आठ-अ आणा, गावातल्या सोसायटीचा आणि इतर बँकांचा बेबाकी दाखला आणा, दोन जामीनदार आणा, जामीनदारांचेही सात-बारा आणा. मग म्हशीचा विमा. विम्यासाठी म्हशीच्या कानात बिल्ला, बिल्ल्यासकट म्हशीचा फोटो. म्हैस पळून जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त, आणि साहेबांनी काढलेल्या पतसंस्थेने त्या फर्मला कर्ज दिलं तेव्हा तारणाच्या रकान्यात काय होतं? काही नव्हतं. जामीनदार होत्या, त्यासुद्धा मातोश्रीच. आता पतसंस्थेचं शटर अर्धं खाली आहे. पेन्शनीतले मास्तर, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेल्या बाया, हमाल, भाजीवाले पायरीवर येऊन बसतात आणि आतला कारकून त्यांना 'वसुली चालू आहे' सांगतो. बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचे मिळतात. पतसंस्थेला तो विमा लागूच नाही, हे त्या मास्तरांना ठेव ठेवताना कुणी सांगितलं होतं का? उद्घाटनाची फीत कापताना साहेबांनी तासभर भाषण केलं होतं. त्यात विम्याचं अवाक्षर नव्हतं. त्या ठेवीदारांचे पैसे त्या गोलात फिरताहेत हो! उसने म्हणून, घरातल्या घरात, बिनव्याजी! आणि ज्याचे आहेत तो एसटीचं भाडं मोजत आठवड्याला खेप घालतोय.

असो. साहेब पदांच्या बाबतीतही गरीबच. मंत्रिपद हुकलं. 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या 15 टक्क्यांत बसवायला सांगितलं, म्हणजे 288 च्या सभागृहात 43 खुर्च्या. बाकीच्यांची समजूत महामंडळांवर काढतात. साहेबांनाही एक मिळालं, राज्यमंत्र्याच्या दर्जासकट. लाभाचं पद घेतलं तर आमदारकी जाते असं घटना म्हणते, आणि कोणतं पद त्यातून वगळायचं याचा कायदा विधिमंडळाने करावा, असंही घटनाच म्हणते. तेव्हा आमदार बसून ठरवतात की आमदारांना झालेला लाभ हा लाभ नव्हे. शिवाय कारखाना, शिक्षण मंडळ आणि एक तालीम. तालमीत फक्त आश्रयदाते आहेत, ते त्यांच्या पोटाकडे पाहून पटतं.

प्रतिज्ञापत्रातलं हे सगळं आपल्याला कळतं ते 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने ते जाहीर करायला सांगितलं म्हणून. तो निकाल आला तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले, निकालाची धार बोथट करणारा कायदा केला, आणि न्यायालयाने 2003 मध्ये ते कलम रद्द केलं. म्हणून आज वहिनींच्या अंगावरचं सोनं मला ग्रॅममध्ये ठाऊक आहे. परक्या बाईच्या पाटल्यांचं वजन मी कशाला ठाऊक करून घेऊ? मला दुसरंच हवंय. सहकार कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं, तेव्हा ज्यांची पतसंस्था त्याच कायद्याखाली चालते ते आमचे साहेब 'होय' म्हणाले की 'नाही' म्हणाले?

याचा कागद नाही. विधेयक मांडलं, अध्यक्षांनी बाजूने असलेल्यांना होय म्हणायला सांगितलं, गलका झाला, विरोधातल्यांना नाही म्हणायला सांगितलं, दुसरा गलका झाला, पहिला गलका मोठा ठरला. आवाजी मतदान. मतविभागणी मागितली तरच नावं लिहिली जातात, आणि ती मागायची तसदी विरोधी बाकांवरचेही घेत नाहीत, त्यांच्याही पतसंस्था आहेत. ज्याचा पैशाचा थेट संबंध आहे अशा सदस्याच्या मतावर हरकत घ्यायची सोय संसदीय नियमांत आहे. पण हरकत घ्यायला आधी मत कुणाचं ते कळायला हवं ना? गलक्यावर कशी हरकत घेणार?

आणि मतविभागणी झाली असती तरी काय? 1985 पासून पक्षादेश मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफी दिली नाही, तर आमदारकीवर गदा येते. मत पक्षाचं, आवाज सभागृहाचा, पैसे वहिनींचे. साहेबांचं स्वतःचं असं काय, हे शोधत मी प्रतिज्ञापत्र पुन्हा चाळलं. रोख रक्कम थोडी आहे. वाहन नाही.

निदान त्या दिवशी साहेब सभागृहात होते का, हे तरी कळावं म्हणून जाणत्या माणसाला विचारलं. हजेरीच्या वहीत सही आहे म्हणाले. त्या दिवसाचा भत्ताही उचललाय. सही केल्यावर किती वेळ बसले, याचा रकाना वहीत नसतो.