पासिंगपुरती जीप

बुलडाणा जिल्ह्यात हौसेने जुनी जीप सांभाळणाऱ्या माणसाची खर्चाची वही आणि आरटीओतल्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणीची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत मिळून एकही ओळ जुळत नाही. वहीत रुंद टायर असतात, पोलादी बंपर असतो, बंपरवर चार पिवळे दिवे आणि वरच्या पाइपावर आणखी सहा असतात, लाल रेक्झिनच्या सीटा असतात, आणि चिखलीत वाजवला तर मेहकरला ऐकू जावा असा हॉर्न असतो. यादीत ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंगचा प्ले, हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, आरसा, रिफ्लेक्टर आणि धूर. म्हणजे मालकाने ज्यावर पैसा ओतला त्यातलं काहीच निरीक्षकाला नको असतं, आणि निरीक्षकाला जे हवं असतं त्यावर मालकाने गेल्या पाच वर्षांत दमडी खर्च केलेली नसते. पासिंगची तारीख जवळ आली की आठवडाभर गॅरेजमध्ये पहिल्या यादीतलं उतरवायचं आणि दुसऱ्या यादीतलं बसवायचं, असा उलटा कारभार सुरू होतो. या आठवड्याला जीपमालक छळ म्हणतात. माझ्या मते त्या जीपच्या आयुष्यातला शहाणपणाचा म्हणावा असा तो एकमेव आठवडा असतो, आणि हे मी आरटीओशी कसलंही नातं नसताना म्हणतो आहे.

आधी जीपची बाजू. तिची कुळी मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही विलीज जीप स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडायला घेतली. पुढे सरकारी खाती, जंगलखातं, धरणांची कामं, तालुक्याचे पुढारी अशा उतरत्या किंवा चढत्या क्रमाने (ज्याने त्याने ठरवावं) ती आपल्याकडे पोहोचली. कित्येक जीपांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं. ओव्हरटेक करायचा तर ड्रायव्हरने उजवीकडे बसलेल्या पाहुण्याला विचारायचं, आणि पाहुणा झोपलेला. मग तिच्या भावंडांनी काळा-पिवळा रंग लावून खामगाव, नांदुरा, मलकापूर अशी सवारी वाहिली. आत किती बसले हे मोजायची पद्धत नव्हती, बाहेर किती राहिले ते मोजायचे. मूळचं पेट्रोल इंजिन एवढं पितं, की सोयाबीनच्या भावात ते परवडेना. म्हणून ते काढून डिझेलचं बसलं. गिअरबॉक्स दुसऱ्या जीपचा आला, एक्सल तिसरीचा. आता वरातीत नवरदेव आणि निवडणुकीत उमेदवार उभा राहण्यासाठी तिचं छतही गेलं. एवढ्या उलाढालीनंतर तिच्यात मूळचं काय उरलं, हा प्रश्न तत्त्वज्ञाने विचारला तर त्याला विद्यापीठात जागा मिळते. आरटीओचा कारकून तोच प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला आडमुठा म्हणतात.

कारकुनाकडे मात्र त्याचं उत्तर आहे, आणि तत्त्वज्ञाकडे नाही. उत्तर चेसिसवर कोरलेलं असतं. तिथे कोरलेला नंबर म्हणजे जीप, बाकी सगळा प्रपंच. हा नंबर शोधण्याचा सोहळा जवळून पाहण्यासारखा असतो. आधी तो कुठे आहे यावरच गॅरेजात दोन पक्ष पडतात. मग एकजण आडवा होऊन चाकामागे शिरतो, रॉकेलचा बोळा फिरवतो. वरची काळी चिकट साय निघते, तिच्याखाली हिरवा रंग, हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली कुठल्यातरी सरकारी खात्याचा राखाडी. तारेचा ब्रश चालतो, पण जपून. जोर जास्त झाला आणि आकडाच घासला गेला, तर जीप कायद्याच्या दृष्टीने जन्मलीच नाही. शेवटी पातळ कागद त्यावर दाबून धरायचा आणि पेन्सिलचं टोक आडवं धरून हळूहळू घासायचं. कागदावर राखाडी धुक्यातून एकेक आकडा पांढरा उमटत येतो. तीन आकडे स्पष्ट येतात, चौथा तीनही वाटतो आणि आठही. गॅरेजभर शांतता पसरते. अशा वेळी एका आकड्यावरून एवढा काथ्याकूट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की आपल्या जिल्ह्याचं नाव ‘बुलडाणा’ लिहायचं की ‘बुलढाणा’ याचाही निकाल पाट्यांनी अजून लावलेला नाही, आणि जाणकार रॉकेलचा बोळा फिरवून खालून ‘भिलठाणा’ काढून दाखवतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं, की उत्पादकाने जी गाडी दिली आणि नोंदणीच्या पुस्तकात जी लिहिली, तिच्यापेक्षा वेगळी गाडी परस्पर करायची नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी घ्या आणि पुस्तकात नोंद करा. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमावर शिक्का मारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये शिक्षा घातली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे दोन शब्द ज्याने लिहिले त्याने जीप पाहिलेली असणार. एक बेताची सजलेली जीप घेऊन बोटं मोजा. इंजिन, टायर, कापलेलं छत, बंपर, दिव्यांची माळ, हॉर्न, सीटा: सात झाले, ३५,००० रुपये, आणि अजून आपण जीपच्या मागच्या बाजूला गेलोच नाही. बंपरबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना वेगळं पत्रच पाठवलं, कारण ते लोखंड धडकेत पायी माणसाला जास्त मारतं आणि आतल्याला कमी वाचवतं. अनेक सुरांचे हॉर्न नियमात बसत नाहीत. काचेवरची काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच उतरवली, पण जीपला बाजूच्या काचाच नसल्याने या एका बाबतीत ती सज्जन ठरते. राहिली नंबर प्लेट. ४१४१ हे आकडे थोडे वळवून त्यांचा ‘दादा’ करणं ही मराठी सुलेखनाची एक अस्सल शाखा होती. सगळ्यांना सारखा ठसा देणाऱ्या सरकारी प्लेटने ती बुडवली. ही प्लेट बसवण्याच्या मुदती पुन्हापुन्हा वाढत गेल्या, त्याला दादांनी घेतलेला शेवटचा निरोप म्हणावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. ‘अहो, पन्नास वर्षांची जीप आहे, हिला व्हिंटेज म्हणतात, हिला कसलं पासिंग?’ खरं आहे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्याने नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. पण त्याच नियमांत अट आहे, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, आणि रोजच्या वापराला गाडी काढू नये. आपल्या जीपचं म्हणजे निराधार योजनेतल्या त्या आजोबांसारखं झालं, ज्यांचं वय भरतं पण दाखला भरत नाही. हा काही आपल्याकडचाच काटेकोरपणा नाही. ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ केली, मात्र गेल्या तीस वर्षांत मोठे बदल केले असतील तर माफी नाही. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ‘एच’ अक्षराची मानाची पाटी मिळते, तीही मूळ रूप राखलं असेल तरच. खामगावच्या चांदीच्या पेढीवर जुनी पैंजणं घेऊन गेलात तरी हेच: किती जुनी ते कोणी विचारत नाही, आधी कस लावतात.

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एखादा मालक खरोखर शहाणा असतो. मूळ जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाणी शिरलं की ते विचारात पडतात. त्याने पुढे डिस्क ब्रेक बसवले, पॉवर स्टिअरिंग लावलं, सीटबेल्ट लावले. आता गाडी आधीपेक्षा सुरक्षित झाली की नाही? झाली असेल. पण ‘असेल’ या शब्दावरच घोडं अडतं. ब्रेकची ताकद, एक्सलवरचं वजन, चाकाचा घेर हे एकमेकांवर अवलंबून असतात. मोठ्या घेराचं रुंद टायर बाहेर काढून लावलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, वळताना ते आतल्या पत्र्याला घासतं, आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. जीपचा स्पीडोमीटर बंद असतो म्हणून या शेवटच्या दोषातून ती सुटते, एवढंच. हे सगळं तपासून ‘हे चालेल’ असं सांगणाऱ्या संस्था आहेत, पुण्याची एआरएआय त्यांतलीच. पण त्यांचा दरवाजा उत्पादकांच्या मापाचा आहे. मोताळ्याच्या एका माणसाने एका जीपसाठी तो कसा ठोठावायचा? इथे कायद्यात भोक आहे आणि ते बुजवायला हवं. शहाण्या बदलाला वाट नाही म्हणून वेड्या बदलालाही सूट द्या, असं मात्र त्यातून निघत नाही. शिवाय डिस्क ब्रेकवाला मालक दहात एक. उरलेल्या नऊ जणांच्या वहीत ‘सुरक्षा’ या सदराखाली मी तरी लिंबू-मिरचीच कल्पू शकतो.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा. ‘हे सगळं एका दिवसाचं नाटक असते न भाऊ. टायर उसने आणायचे, दिवे खोलायचे, संध्याकाळी परत जैसे थे.’ तेही खरं. आरटीओच्या पासिंग कॅम्पच्या आदल्या दिवशी एकाच मापाच्या चार टायरांनी किती जीपांचा उद्धार केला असेल, ते त्या टायरांनाच ठाऊक. पण या नाटकातही एक कबुली आहे. गोटा झालेले टायर काढून नक्षीवाले लावणाऱ्याला योग्य टायर कोणते हे पक्कं माहीत असतं. अज्ञानाचा फायदा त्याला देता येत नाही. आणि नाटकातल्या सगळ्याच वस्तू उसन्या मिळत नाहीत. हँडब्रेक घ्या. विलीजच्या घराण्यातल्या जीपला हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, तो आवळला जातो. त्याच्याच पोटाशी एक ऑइल सील असतं. ते कडक झालं की गळतं, आणि गळालेलं तेल नेमकं ब्रेकच्या लायनरवर जातं. लिव्हर कानापर्यंत ओढा, जीप आपली शांतपणे मागे सरकत राहते. अशा जीपच्या मालकाने सीटखाली एक बेताचा दगड ठेवलेला असतो, आणि राजूर घाटात थांबायची वेळ आली की शेजारचा पाहुणा तो घेऊन उतरतो. वर्षानुवर्षं हा दगड जीपचा अधिकृत भाग म्हणून राहतो. त्याला घरी बसवण्याचं सामर्थ्य फक्त पासिंगमध्ये आहे, कारण निरीक्षक दगड मोजत नाही. सील बदलावं लागतं, लायनर धुऊन किंवा बदलून घ्यावं लागतं, आणि संध्याकाळी दिवे, हॉर्न, बंपर सगळं परत चढलं तरी ते नवं सील काढून जुनं गळकं कोणी बसवत नाही.

तपासणीच नीट होत नाही, ही तक्रार वेगळी आणि रास्त आहे. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ब्रेक तपासायला आरटीओकडे २५० मीटरचा ट्रॅक तरी असू द्या. तोवर कित्येक ठिकाणी व्यावसायिक गाड्यांचे ब्रेक नुसत्या नजरेने तपासले जात होते. ‘आधी रस्ते पास करा, मग गाड्या’ असंही म्हणतात. जरूर करा. पण रस्ता वाईट आहे म्हणून ब्रेकही वाईट चालेल, हे गणित बोथा घाटातल्या वळणावर, समोरून ज्ञानगंगा अभयारण्यातलं रानडुक्कर आडवं आलं की सोडवून बघावं.

तेव्हा ज्यांच्या पुस्तकावरची मुदत संपत आली आहे त्यांच्यासाठी थोडं रोकडं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्यांना १०,००० केलं. पर्यावरण कर, विमा, पीयूसी वेगळे. म्हणजे दिव्यांची एक माळ कमी घेतली तर भागण्यासारखं आहे. इंजिन बदललेलं असेल आणि पुस्तकात नसेल, तर आधी ते निस्तरा, मग बाकीचं. चेसिस नंबर घरीच साफ करून ठेवा, ऐनवेळी कॅम्पच्या उन्हात चिखलात झोपू नका. आणि पेन्सिल मऊ शिशाची न्या, टोक न काढलेली. तिथे रांगेत उसनी मागाल तर टायर मिळतील, पेन्सिल कोणी देत नाही.