तुमची पट्टी कोणती?

कात्रजच्या जुन्या घाटात, बोगदा दोन वळणांवर आला असताना, मागून भाची ओरडली, "मामा, खालचा गिअर टाक!"

मी टाकला. चेन मागच्या मोठ्या चकतीवर असली की वर चढलेली असते, लहान चकतीवर आली की खाली उतरते. एवढं कुणालाही दिसतं. मी आज्ञाधारकपणे ती खाली उतरवली. पायडल असं काही जड झालं, की मागून कुणी कॅरिअर धरून ठेवलंय का, हे मी वळून पाहिलं. मग उतरलो, हँडल धरून उभा राहिलो आणि इथून सिंहगड कुठे दिसतो ते शोधत असल्याचा चेहरा केला.

"अरे, खालचा म्हणजे हलका," शेजारून जाताना भाची म्हणाली. "खालचा म्हणजे खाली असलेला नाही!"

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. गिअरच्या सायकलीची भाषा ज्या कुणी ठरवली, त्यानं ती सायकल स्टँडवर लावून ठरवली असणार, चढावर नक्कीच नाही. पुढची चकती मोठी तर गिअर मोठा, आणि मागची मोठी तर गिअर लहान. उजवा हात मागच्या चकत्यांचा, डावा पुढच्यांचा. माझ्या सायकलीवर उजव्या अंगठ्यानं खटका दाबला की चेन मोठ्या चकतीवर जाते आणि पायडल हलकं होतं. डाव्या अंगठ्यानं तस्साच खटका दाबला की तिकडेही चेन मोठ्या चकतीवरच जाते, पण पायडल जड होतं. अंगठे एकाच माणसाचे, पण एक वादीचा वकील आणि एक प्रतिवादीचा. घाम डोळ्यांत जात असताना यातला आपला कोणता, हे आठवायचं.

त्यात 'स्पीड'. मी 21 स्पीडची सायकल आणली तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं होतं, "एकवीस म्हणजे ताशी किलोमीटर का रे?" तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, आजींचा अर्थ जास्त सरळ होता. पूर्वी विलायतेत 'दहा स्पीड' म्हणत तो पुढच्या दोन आणि मागच्या पाच चकत्यांचा गुणाकार असे. आज 'अकरा स्पीड' म्हणतात तेव्हा फक्त मागच्या मोजतात. त्यामुळे माझ्या सायकलीचा आकडा लाखाच्या सायकलीपेक्षा मोठा आहे, आणि हे समाधान मी कुणाला हिरावू देणार नाही.

ते हिरावलं आमच्या शेजारच्या काकांनी. काका बँकेतून निवृत्त झालेले. टपरीवर चहा येईपर्यंत त्यांनी माझे सगळे दाते मोजले (सायकलीचे) आणि वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडले. पुढे 42, 34 आणि 24. मागे 14 पासून 28 पर्यंत सात चकत्या. "हे बघ. 42 भागिले 28, दीड. 24 भागिले 16, तेही दीड. 34 ला 20 नं भाग आणि 24 ला 14 नं भाग, फरक सांग पाहू! जुळीतिळी काढून टाकली तर तुझे तेराएक उरतात. बाकीची आठ खाती बोगस आहेत."

मग त्या दीडाला काकांनी चाकाच्या 26 इंचांनी गुणलं आणि जाहीर केलं, "हा तुझा 39 इंची गिअर." माझ्या सायकलीत 39 इंच लांबीचं काहीच नाही, हे मी दाखवून दिलं. त्याचं उत्तर दीडशे वर्षं मागे आहे. तेव्हा सायकलीला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. एका फेरीत जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं घ्यायचं, स्वाराची तंगडी पुरेल तेवढं. पुढे चेन आली, चाकं लहान झाली, पण हिशेब त्या अजस्र चाकाचाच राहिला. म्हणजे 39 इंची गिअर लावला की मी 39 इंच व्यासाच्या चाकावर बसलेला असतो. फ्रेंच लोक हेच मीटरमध्ये सांगतात: पायडलच्या एका फेरीला सायकल किती पुढे गेली. इथे तीन मीटरच्या जरा वर. मला हा हिशेब प्रामाणिक वाटतो. घाटात मी तरी मीटरच मोजत असतो.

काकांची स्वतःची सायकल काळी, बिनगिअरची. पुढे 44, मागे 18, चाक 28 इंची. गिअर 68 इंच, नोकरीला लागल्यापासून तोच. चढ आला की ते उतरून चालतात. चालणं हा त्यांचा दुसरा गिअर. 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज यांचंही मत, गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, असं होतं. त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. तोवर मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, माथ्यावर पुन्हा सुलटं करायचं. हे ऐकून काकांना अतोनात आनंद झाला. मला दुसऱ्याच गोष्टीचा झाला: मी बावन्न वर्षांचा आहे, म्हणजे देग्रांजसाहेबांची मला परवानगी आहे.

खरं तर ज्याच्या त्याच्या ठरलेल्या गिअरला आपल्याकडे शब्द आहे. पेटीवाला गायकाला तुमचा स्वर सेकंदाला किती कंपनांचा, असं विचारत नाही. विचारतो, "पट्टी कोणती?" उत्तर येतं, "काळी चार." पेटीवर पट्ट्या पुष्कळ, पण ज्याची त्याची एक ठरलेली. भाची हलकं पायडल भराभर फिरवते, तिची पट्टी उंच. एक गृहस्थ आमच्याबरोबर येतात, ते घाटातसुद्धा पुढची मोठी चकती सोडत नाहीत. चेहरा लाल, गुडघे कुरकुरताहेत, पण षड्ज खर्जातलाच.

माझी पट्टी मला सायकल दुरुस्तीवाल्यानं सांगितली. मागचं चाक हातात फिरवत तो म्हणाला, "साहेब, मधल्या तीनच चकत्या झिजल्यात. बाकीच्या कोऱ्या आहेत. वापरल्याच नाहीत का?" नवी चेन घातली तर ती नेमकी त्या तिघींवरून घसरायला लागली, झिजलेल्या दात्यांना ती मानेना. सगळा संच बदला, नाहीतर कोऱ्यांवर चालवा, असं ठरलं. मी कोऱ्या निवडल्या.

पुढच्या रविवारी त्याच वळणावर भाची ओरडली, "मामा, खालचा..." आणि थांबली. "हलका टाक, हलका!" मी आधी डावीकडून चेन पुढच्या सगळ्यांत लहान चकतीवर आणली, मग उजवा अंगठा दाबत राहिलो. कुरकुरत ती मागच्या 28 दात्यांवर चढली, जिथे ती आजवर गेलीच नव्हती. काकांच्या हिशेबानं 22 इंच. एका फेरीला पावणेदोन मीटर. पाय पिठाच्या गिरणीसारखे फिरू लागले, श्वास लागला नाही आणि सायकल पुढे जात होती. शेजारी काका आपली सायकल हातात धरून चालत होते, अगदी माझ्याच वेगानं.

"बरं," ते म्हणाले, "सोसायटीचं पाण्याचं बिल तू भरलंस की मी भरायचंय?"