शिंगराची जन्मतारीख

आमच्या पिढीतल्या निम्म्या खान्देशाचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" आजी सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. बैल धुवायला तापीवर नेले होते बघा, तेव्हाचा." मास्तर मान डोलवायचे आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचंही असंच असतं हे कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. शिंगरू फेब्रुवारीत जन्मो की एप्रिलात, कागदावर त्याचं वय १ जानेवारीपासूनच मोजतात.

आमच्या १ जूनने फार तर निवृत्ती मागेपुढे झाली. तिथे मात्र सगळा पैशांचा खेळ. ३० डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दोन दिवसांत वर्षाचं होतं, आणि पुढे जन्मभर आपल्याहून दहा-अकरा महिन्यांनी थोरल्या भिडूंबरोबर त्याला पळावं लागतं. घोडी अकरा महिने गाभण असते. म्हणून घोडेवाले पंचांग मांडून बसतात आणि फेब्रुवारी उजाडल्याशिवाय सोयरीक उरकत नाहीत.

ही सोयरीकही साधी नव्हे. आमच्याकडे गाय माजावर आली की डॉक्टर फटफटीवर नायट्रोजनचं भांडं बांधून येतात आणि पाच मिनिटांत काम करून जातात. वळूचं तोंडही गायीला दिसत नाही. थरोब्रेडच्या जगात हे चालत नाही. कृत्रिम रेतनाचं शिंगरू त्यांच्या वंशावळीच्या वहीत चढतच नाही. घोडीला गाडीत घालून नवरदेवाच्या दारी न्यावं लागतं, मग ती कितीही दूरची असो. नवरदेवाची फी भारी. पण शिंगरू जिवंत जन्मून, उभं राहून दूध प्यायलं तरच ती द्यायची, असे करारही असतात. एवढा शहाणा करार आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत कुणी केलेला ऐकला नाही.

आणि ती वही! १७९१ साली इंग्लंडात वेदरबी नावाच्या गृहस्थांनी ती पहिल्यांदा छापली. आज जगात जेवढी म्हणून थरोब्रेड घोडी आहेत, त्यांच्या बापाचा बाप, त्याचा बाप असं मागे मागे गेलं की शेवटी तीनच घोडे उरतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. भारतातल्या शिंगरांची नोंद पुण्याला होते. आम्हाला पणजोबांच्या वडिलांचं नाव कुणी विचारलं तर सातबाऱ्याचे जुने उतारे काढावे लागतात.

खान्देशात घोड्याची वही वेगळी. ती त्याच्या अंगावरच लिहिलेली असते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीच्या काठी घोड्यांचा बाजार उभा राहतो. (१ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि सारंगखेडा तिकडे गेलं. धुळेकरांनी हे अजून मनावर घेतलेलं नाही.) मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, सगळे येतात. तिथे वंशावळ कुणी मागत नाही. गिऱ्हाईक आधी घोड्याभोवती प्रदक्षिणा घालतं आणि भोवरे मोजतं. गळ्याखाली देवमण असला तर मालकाची भरभराट. पायावरचा भोवरा खाली वळला तर खुंटेगाड, म्हणजे घरात खुंटा पक्का. वर वळला तर खुंटेउपाड, मग असा घोडा फुकटही कुणी नेत नाही. चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी, आणि मालकाचा आवाज तेवढ्यानेच चढतो. मग ओठ वर करून दात बघायचे, रेवाल चालवून बघायचं आणि शेवटी उपरण्याखाली हात घालून बोटांवर सौदा. "कितलाले?" या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला इथे कधी कधी दोन दिवस लागतात.

माझे मामा, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणतं, त्यांनी या बाजारातून एक घोडी आणली. शिंदखेडा तालुक्यातलं कोरडवाहू रान, कापूस, बाजरी, आणि त्यात ही मारवाडी बाई. दुसऱ्या वर्षी ती गाभण राहिली. चैत्रात कास भरली, सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळे थेंब जमले. जिभाऊंनी खळ्यात खाट टाकली. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आणि आसपास माणसांची वर्दळ असली तर वेळ काही काळ लांबवतातही. मोतद्दारी करणारे जाणते लोक हे सांगून गेले होते. जिभाऊ म्हणाले, "बघू ती जिंकते की मी." घोडी रात्रभर कडबा चघळत त्यांच्याकडे बघत उभी राहायची. असं बरेच दिवस चाललं. जिभाऊंच्या डोळ्यांखाली काळं आलं, घोडीचं अंग मात्र तुकतुकीत.

एका पहाटे मामींनी चहाला हाक मारली. जिभाऊ ओट्यापर्यंत गेले, बशीत चहा ओतला, फुंकर मारली. घोडीला कळा सुरू झाल्या की खरं काम अर्ध्या तासाच्या आतलं असतं. ते परत आले तेव्हा घोडी शिंगरू चाटत होती. "व्हयी गयं!" एवढंच ते बोलले, त्यातही निम्मी तक्रार.

ओलं शिंगरू जवळून बघितलंय का कधी? त्याच्या खुरांना खालून मऊ, रबरी झालर असते, आईला आतून इजा होऊ नये म्हणून. चालायला लागलं की ती आपोआप झिजते. पाय मात्र जवळजवळ मोठ्या घोड्याएवढे लांब. ते चार पाय चार दिशांना पाठवून ते पडलं, पुन्हा उठलं, पुन्हा पडलं, आणि तासाभरात उभं राहिलं. मग दुधाचा शोध. आधी आईची छाती चोखली, मग कुडाची भिंत, मग जिभाऊंचं धोतर. जिभाऊ हलले नाहीत. कास सापडली तेव्हा खळ्यातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

हा पहिला चीक फार मोलाचा. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची थोडी शिदोरी आईच्या पोटातच मिळते. शिंगराला वारेतून ती मिळत नाही, सगळी चिकातून घ्यावी लागते, तीही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की त्याचं आतडं ती आत घेईनासं होतं. वारही तीन तासांत पडायला हवी, नाहीतर घोडीच्या जिवावर बेततं. पुण्याच्या स्टड फार्मवर यासाठी घड्याळ लावून डॉक्टर उभे असतात. आमच्याकडे मामी होत्या. वार पडल्यावर ती उलगडून सगळी आली का हे त्यांनीच बघितलं आणि मग लांब नेऊन पुरायला लावली.

पुढच्या आठवड्यात शिंगरू आईची लीद खाऊ लागलं. मामी हादरल्या. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, चारा पचवणारे जंतू त्याला तिथूनच मिळतात. गवताला तोंड लावायचं तर मान पोचत नाही, म्हणून पुढचे पाय फाकवून ते वाकायचं आणि तसंच खाली बसायचं. खरी कसोटी मात्र लाडाची. चिमुकलं शिंगरू दोन पायांवर उभं राहून खांद्यावर टाप ठेवतं, तेव्हा सगळी पोरं टाळ्या वाजवतात. जिभाऊंनी पहिल्याच दिवशी कान पकडून खाली बसवलं. "आज हसशील, तीन वर्षांनी ही टाप फासळी मोडील," म्हणाले. सहाव्या महिन्यात दूध तोडलं तेव्हा त्याने तीन रात्री गाव जागवलं. आई मात्र दुसऱ्या दिवसापासून चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालून निवांत.

एवढं करून हाती काय येतं? थरोब्रेडवाल्यांच्याही हाती बहुधा फारसं काही येत नाही. दहा शिंगरांत एखादं डर्बीचं स्वप्न दाखवतं, बाकीची चंदी खातात. तरी पूनावाला घराण्याच्या १९४६ सालच्या स्टड फार्मची गोष्ट मला आवडते. पळून दमलेले घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत. तिथे घोड्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनायचं. मग आपणच का बनवू नये, म्हणून सायरस पूनावाला यांनी १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. सापाच्या विषावरचं औषधही आपल्याकडे आजवर घोड्याच्या रक्तातूनच येत आलेलं आहे. कापूस वेचताना घोणस चावलेल्या माणसाचा जीव वाचतो, तो अशा एखाद्या घोड्याच्या जिवावर. त्या घोड्याची वंशावळ तेव्हा कुणी विचारत नाही.

जिभाऊंचं शिंगरू आता वराती करतं आणि हलगी वाजली की नाचतं. सारंगखेड्याला एकाने चांगली किंमत सांगितली होती, जिभाऊंनी भोवऱ्याचं निमित्त काढून मोडता घातला. भोवरा शुभच होता.

तुम्हाला जायचं असेल तर दत्तजयंती गाठा. रेल्वेने दोंडाईच्याला उतरा, तिथून सारंगखेडा जवळ आहे. शिंगरू लांबून बघा, त्याच्या आईच्या मागे उभे राहू नका, आणि खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे ठेवा.