उठावदार लग्नपत्रिका: घरगुती कृती व पथ्ये

एम्बॉसिंग पावडर म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या राळेचा बारीक भुगा. ओल्या शाईवर भुरभुरला की तो चिकटतो, कोऱ्या जागेवरून झटकला की निघून जातो, आणि गरम हवा दिली की वितळून अक्षर कागदाच्या वर उभे राहते. ठसे मारून भेटकार्डे करणारे, चिकटवह्या सजवणारे आणि एकाच फळीवर कागद, रंग, कापड, सुतळी असे काहीबाही एकत्र आणणारे चित्रकार तिचे शंभर उपयोग सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात तिच्याकडून मुख्य अपेक्षा एकच: लग्नपत्रिकेतले नाव बोटाला लागले पाहिजे.

छापखान्यात हे काम यंत्र करते. ओल्या शाईचा कागद पट्ट्यावरून सरकतो, वरून पावडर पडते, जादाची ओढून घेतली जाते आणि कागद छोट्या भट्टीतून बाहेर येतो. व्हिजिटिंग कार्डावरची लकाकती अक्षरे याच पद्धतीची. हजार पत्रिका असतील तर छापखान्यातच द्याव्यात. घरी करायच्या त्या फक्त मानाच्या: पहिली देवापुढची, मग मामाची, व्याह्यांची आणि फुवांची. फुवा म्हणजे आत्याचे यजमान. खानदेशातल्या लग्नात हे कायमस्वरूपी खाते असते. या खात्याला तरतूद शून्य, अधिकार अमर्याद.

साहित्य असे: २५० ते ३०० जीएसएमचा गुळगुळीत कार्डपेपर, सावकाश वाळणारी पिगमेंट शाई, अक्षरांचे ठसे, पावडर, कोरडा मऊ ब्रश, टाल्कम पावडर आणि हीट गन. हेअर ड्रायर चालत नाही. एवढे लिहूनही घरातून ड्रायरच येतो. त्याचा वारा दांडगा आणि ऊब बेताची, त्यामुळे पावडर अक्षरावर न राहता पडद्यावर जाऊन बसते. ती वितळायला साधारण १५० अंश सेल्सिअस लागतात. नंदुरबारचा मे महिना ४४ अंशांवर थांबतो. तेव्हा ‘पत्रिका गच्चीवर पसरा, आपोआप होईल’ ही फुवांची सूचना शंभराहून अधिक अंशांनी चुकते.

पंखा बंद ठेवावा. कूलरही. खिडकी मात्र उघडी हवी, कारण वितळत्या पावडरीचा वास बरा नव्हे. लग्नसराईत, ऐन दुपारी, पंखा बंद करून घरातल्यांना एका खोलीत बसवणे हा या कलेतला सर्वांत अवघड भाग आहे. बाकी सारे पुस्तकातून शिकता येते. पाचव्या मिनिटाला खोलीत ठसे मारणारी पुतणी आणि फुवा एवढेच उरतात. पुतणीला काम असते. फुवांना मत असते.

याच वेळी घामाचा प्रश्न येतो. ओलसर किंवा तेलकट बोट कागदाला लागले तर डाग दिसत नाही, पण पावडर त्याला बरोबर ओळखते. कागद तापला की ‘कुलस्वामिनी प्रसन्न’च्या शेजारी सोनेरी अंगठा उमटतो, एकूण एक रेघ सुटी. ‘बघू, बघू’ म्हणून पत्रिका उचलणाऱ्याचा हा अंगठा असतो आणि तो कोणाचा हे विचारावे लागत नाही. उपाय सोपा आहे. ठसा मारण्यापूर्वी कागदावरून टाल्कमची पुरचुंडी हलकेच फिरवावी. ओल शोषली जाते आणि कागदावरची स्थिर वीजही मरते. फुवांवर टाल्कमचा परिणाम झालेला नाही.

आता मूळ मुद्दा: कोणाची नावे उठवायची? खानदेशी पत्रिकेत निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, समस्त भाऊबंद, मित्रमंडळ आणि शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बालके असा परिवार असतो. आशीर्वादाच्या रकान्यात पुढारीही असतात, त्यांना कल्पना असो वा नसो. सर्वांना सोनेरी करण्याचा आग्रह होतो. तो मोडून काढायला देवनागरीच मदतीला येते. साधी पावडर जाडसर असते, वितळताना थोडी पसरते, आणि बारीक टाइपातल्या मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरांची पोटे बुजवते. ‘ज्येष्ठ’मधला ‘ष्ठ’ तर हमखास गोळा होतो. बारीक अक्षरांसाठी वेगळी, अधिक सूक्ष्म पावडर मिळते. ती घरात आहे हे फुवांना सांगू नये. देव, वधू, वर, तिथी आणि स्थळ, एवढेच उठवावे.

प्रत्यक्ष कृती: ठसा मारताच लगेच पावडर सढळ हाताने ओतावी. कागद दुमडलेल्या वर्तमानपत्रावर तिरपा धरून मागून टिचकी मारावी. सांडलेली पावडर त्याच घडीतून बाटलीत परत जाते. चुकार कण तापवण्याआधीच ब्रशने काढावेत, नंतर ते जन्माचे सोबती. हीट गन आधी काही सेकंद हवेत चालवून तापवावी, मग चार बोटे अंतरावरून, शक्यतो कागदाच्या खालून, फिरती ठेवावी. खरखरीत पावडर अचानक ओली दिसू लागते आणि चमक अक्षरावरून धावत जाते. हा क्षण पाहायला फुवासुद्धा गप्प बसतात. तिथेच थांबावे. जास्त तापवले तर राळ कागदात जिरते आणि सोन्याऐवजी भजी ठेवल्यासारखा डाग राहतो.

हळदकुंकू तापवून झाल्यावरच लावावे. आधी ओले कुंकू लावले तर त्यालाही पावडर चिकटते.

उरलेल्या पावडरीचे पुष्कळ करता येते. रंगहीन पावडरीने नक्षी उठवून वरून जलरंग फिरवला तर नक्षीवर रंग बसत नाही, ती कागदाच्या रंगाचीच राहते. काळ्या कागदावर पांढऱ्या पावडरीचे ठिपके द्यावेत. काठी गावच्या राजवाडी होळीत नाचणाऱ्यांच्या अंगावरचे ठिपके दाखवायला याहून चांगली युक्ती नाही, आणि शाळेच्या प्रकल्पाला ती शोभते. जाड दाण्याची पावडर दोनतीन थरांत वितळवून, ती मऊ असतानाच, शाई लावलेला रबरी ठसा दाबून धरावा आणि थिजल्यावर उचलावा. लाखेच्या मोहरेसारखे पदक तयार होते. असे एक फुवांना द्यावे. नाव उठवले नाही याची भरपाई होते.

पाकिटावरचे पत्ते हा शेवटचा टप्पा. उठावदार छपाईचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. आतल्या रुळाच्या उष्णतेने अक्षरे पुन्हा वितळतात, प्रिंटर बिघडतो आणि दुरुस्तीचा खर्च आहेरापेक्षा जास्त होतो. म्हणून पत्ते हातानेच घालावेत. नातेवाइकांची यादी फुवांच्या वहीत असते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तरी त्या वहीत शहादा, तळोदा, नवापूर अजून धुळे जिल्ह्यातच आहेत. तेवढे दुरुस्त करून घ्यावे. पण कोण कोणाचा कोण, कोणाकडे पत्रिका समक्षच द्यावी लागते आणि कोणाला फोन चालतो, हे फक्त त्या वहीत आहे. अक्कलकुव्यापासून धडगावच्या घाटापर्यंत भर उन्हात मोटारसायकलीवरून पत्रिका वाटायलाही तेच जातात. बाकीच्यांना ऊन लागते. त्यांचे अक्षरही वळणदार आहे. पत्ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत, आणि तोवर पंखा चालू करावा.