मुठीवर दोन, पोटात शून्य

कामरगावाला समुद्र नाही. तरी होडीमागं लावतात त्या जुन्या आउटबोर्ड मोटारीचं दुखणं इथं कुणालाही चटकन समजावता येतं. तिला दोन तारा: एक गिअरची, एक थ्रॉटलची. गिअर बसायच्या आधीच थ्रॉटल उघडलं, की आतले दात कडकडतात. एवढं ऐकलं की कारंजा तालुक्यातला कोणताही पन्नाशीचा गृहस्थ म्हणेल, "मंग हे तं चेतकच झालं न भाऊ!"

चेतक स्कूटर १९७२ साली आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, आणि मिळवायची तर तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमच्या घरची वडिलोपार्जित आहे. शेताच्या वाटण्या झाल्या. हिच्यावर मात्र कुणी हक्क सांगितला नाही.

हिचा सगळा कारभार मनगटावर. डाव्या हातानं क्लच दाबायचा, तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा. उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर. मूठ आणि इंजिन यांचं नातं फक्त तारांचं. वय झालं की तारा लांबतात, नळीत गंज धरतो. मग मुठीवर दोनचा आकडा आणि पोटात शून्य! आपण पीळ देतो, इंजिन डरकाळी फोडतं, गाडी जागची हलत नाही.

अशी डरकाळी बसस्टँडवर झाली, की टपरीवरचे तज्ज्ञ चहा ठेवून उठतात. एक म्हणतो, "प्लग साफ करा." दुसरा म्हणतो, "ऑइल जास्त झालं." तिसऱ्याचा इलाज सर्व रोगांवर एकच, "आडवी करा न बाप्पा तिले!" आणि आडवी होतेही. गिअर पडत नाही तो नाहीच.

मिस्त्री मात्र कुणाचं ऐकत नाही. तो आधी शून्य शोधतो. मुठीवर शून्य, गिअरबॉक्सवरही शून्य; मागचं चाक हातानं फिरवून खात्री करतो आणि मगच तारांना हात लावतो. गिअरच्या दोन तारा म्हणजे धुऱ्यावरून भांडणारे सख्खे भाऊ: एकाला द्यावं तेवढं दुसऱ्याचं कमी होतं. फार ताणल्या तर मूठ जड जाते, फार सोडल्या तर चालत्या गाडीत गिअर निसटतो. मग क्लच, लिव्हरला किंचित ढील ठेवून. अ‍ॅक्सिलरेटर सगळ्यात शेवटी. गाडी चालू करून तो हँडल डावीकडं, उजवीकडं पार वळवतो. वळवताना इंजिनाचा आवाज चढला, तर तार घट्ट.

"मिस्त्री, अजून थोडी ताना न, पिकअप येईन."

"पिकअप तारेत नसते भाऊ. तारेले ढील लागते तेवढी लागतेच."

जुनी आउटबोर्ड असो की चेतक, क्रम हाच: आधी शून्य जुळवायचं, मग गिअर, मग वेग. आपल्याकडं बहुतेकांना वेगापासून सुरुवात करायची असते, म्हणून मिस्त्र्यांची दुकानं चालतात.

तेव्हा अशी गाडी घेऊन कारंज्याला निघणार असाल, तर डिकीत क्लचची एक तार आणि पाना-पक्कड ठेवा. सल्ला घरून नेऊ नका. तो प्रत्येक थांब्यावर फुकट मिळतो.