ऑर्गनखालून विंदालूचा वास

अहो, ऐकलंत का? नाही, जरा इकडे कुंपणाशी या. हे गेटावरून ओरडून सांगण्यासारखं नाही. त्या रिकचं हो! वेकमनांचा रिक. येस बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, लांब सोनेरी केसांचा, पायघोळ झगेवाला. तो भर कार्यक्रमात स्टेजवर बसून जेवला. जेवला म्हणजे काय, वाटीतलं चिमटीने तोंडात टाकलं असं नाही, चांगला सहा पदार्थांचा बेत!

तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा. १९७३ची गोष्ट, मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. पण काल आमच्या यांनी ती डबल एलपी पुसायला काढली, ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’, आणि मला परत हसू आवरेना. चार बाजू आणि गाणी किती? चार. एका बाजूला एक. वीस वीस मिनिटं! त्यात या बिचाऱ्याला मध्ये मध्ये वाजवायलाच काही नाही. दहा-बारा कीबोर्ड अवतीभवती रचून माणूस नुसता बसलाय. आता रिकामा माणूस काय करणार?

तर झालं काय, त्याच्या हॅमंड ऑर्गनखाली एक माणूस आडवा पडलेला असायचा. काही बिघडलं, खडखडलं की खालच्या खाली दुरुस्त करायचं आणि अधूनमधून बिअर वर सरकवायची, हे त्याचं काम. त्याने वाजवणं चालू असतानाच विचारलं, कार्यक्रमानंतर काय खाणार? यानेही सांगून टाकलं: चिकन विंदालू, पुलाव, अर्धा डझन पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि एक भरलेला पराठा. आता बॉम्बे आलू म्हणजे काय हे विचारू नका. मुंबईत उभा जन्म गेला माझा, ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि विंदालूचं तर आमच्या गोव्याच्या जाऊबाईंसमोर नावच काढायची सोय नाही. डुकराचं मांस, व्हिनेगर आणि लसूण, पोर्तुगीजांकडून आलेली रीत ती. तिकडच्या हॉटेलवाल्यांनी नावात ‘आलू’ ऐकलं आणि खुशाल बटाटे घातले! जाऊबाई तर कपाळावर हातच मारून घेतात.

तर काय सांगत होते... हां. याला वाटलं, जेवण कार्यक्रमानंतर येईल. थोडा वेळ गेला असेल, आणि ऑर्गनखालून घमघमाट! खाली बघतो तर तो पठ्ठ्या आडवाच, पिशव्या हातात, आणि एकेक डबा वर सरकवतोय. मग काय करता? अन्नाला नाही म्हणू नये. याने कीबोर्डवरच पान मांडलं! वास कुठे लपतो होय? बँडमधले बाकीचे चौघे पक्के शाकाहारी. स्टीव्ह हाऊची म्हणे पंचाईत झालेली दिसली. जॉन अँडरसन मात्र गाता गाता आला, बघितलंन आणि एक पापड उचलून चालता झाला. मला तो पापड फार आवडतो, बाई. घरात कितीही धुसफूस असो, पापडाला कोण नाही म्हणतं?

आणि गंमत ऐका. हे सगळं प्रकरण सुरू झालं ते आपल्या शास्त्रांवरून! म्हणजे बघा, बिल ब्रुफर्डचं लग्न होतं. ब्रुफर्ड म्हणजे येसचाच जुना ड्रमर, किंग क्रिमसनमध्ये गेलेला. त्या लग्नात क्रिमसनच्याच जेमी म्युरने जॉनच्या डोक्यात परमहंस योगानंदांचं पुस्तक भरवून दिलं, योगी कथामृतच हो, आपल्याकडे घरोघरी असतं ते. पुढे टोकियोच्या हॉटेलात जॉन ते वाचतोय, तर त्यात एक तळटीप, शास्त्रं चार प्रकारची म्हणून. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं. लागलीच चार बाजू ठरल्या! नुसत्या तळटिपेवरून हो. आमच्या सासूबाई पुराणाला जायच्या तेव्हा बुवासुद्धा तळटिपेवर इतके रेंगाळत नसत.

बरं, रेकॉर्डिंग कुठे? जॉनची इच्छा अशी की रानात जाऊन करू. ते जमलं नाही, म्हणून लंडनच्या स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या, झाडांच्या कुंड्या, पुठ्ठ्याच्या गाई आणि वर आपल्यासारखंच लाकडी कुंपण! त्याच इमारतीत पलीकडे ब्लॅक सबाथ आपली रेकॉर्ड करत होते, ते काळ्या कपड्यांतले, सगळ्यांनी वाया गेलेले ठरवलेले. रिक आपला पेंढ्यांना कंटाळून तिकडे जायचा, बिअर प्यायचा, डार्ट खेळायचा. त्यांच्या एका गाण्यात वाजवलंनही. पैसे घेतले नाहीत, मोबदला बिअरमध्ये! हे सबाथ लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढा का माजला मुलगा? छे हो. अगदी साध्या घरचा. लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेल, तिथला १९४९चा जन्म. पियानो शिकला, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकला गेला आणि मध्येच सोडून दिलंन, कारण बाहेर स्टुडिओत रोज कोणी ना कोणी बोलवायचं. ठरलेले पैसे घ्यायचे, वाजवायचं, घरी जायचं. आपल्याकडे पेटीवाल्याला बोलावतात ना, तसं. भजन बुवांचं, नाव बुवांचं, पेटीवाल्याला चहा. डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’वर तो मेलोट्रॉन याचाच. ‘लाइफ ऑन मार्स’चा पियानो याचा. कॅट स्टीव्हन्सच्या ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ची ती सुरुवात, जी ऐकून अजून माणसं हळवी होतात, तीही याचीच, आणि कव्हरवर नाव? शोधून दाखवा! त्या वाजवण्याच्या मोबदल्याच्या दहा पाउंडांचं रामायण तो अजून सांगत असतो. आणि टी. रेक्सच्या ‘गेट इट ऑन’मध्ये काय केलंन? पियानोवरून सर्रकन हात फिरवला, बस्स. हा प्रामाणिकपणे म्हणाला, अहो हे तर तुम्हीही कराल. तर टी. रेक्सचा मार्क बोलन म्हणाला म्हणे, तुला घरभाडं भरायचंय ना? नऊ पाउंड मिळाले. तोंड मिटून हात फिरवलान.

आणि ते मूग कसं मिळालं माहीत आहे का? आपले मूग नव्हे हो, मिनीमूग. सिंथेसायझर. तेव्हा सोन्याच्या भावाने मिळायचं. तो जॅक वाइल्ड, ‘ऑलिव्हर’ सिनेमातला खिसेकापू पोरगा, त्याने घेतलं होतं. पण त्याला वाटलं, बिघडलंय. का? तर दोन पट्ट्या दाबल्या तरी सूर एकच! त्याने अर्ध्या किमतीत रिकला देऊन टाकलं. अहो, ते यंत्रच तसं, एका वेळी एकच सूर काढणारं! रिकला हे ठाऊक होतं. त्याने तेव्हा तोंडावर काय भाव ठेवला असेल, ते मला बघायचं होतं. मागच्या महिन्यात तुम्ही त्या भंगारवाल्याकडून पितळी समई घेतलीत ना, तेव्हा ठेवला होतात तसाच असणार.

तर काय सांगत होते... स्थळं! १९७१मध्ये दोन स्थळं सांगून आली, आणि तीही एकाच दिवशी. एकीकडे बोवी म्हणतो माझ्या बँडमध्ये ये, दुसरीकडे येस. याने विचार केला. बोवीच्या घरात शेवटचा शब्द बोवीचाच राहणार, येसमध्ये निदान पाच जण भांडून तरी ठरवतात. गेला येसमध्ये. तिथे आधी टोनी केय होता. त्याला हॅमंड आणि पियानो पुरे होते, ही नवी यंत्रं नकोत म्हणाला. झालं, त्याची गच्छंती. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ते हेच. टोनीला कसं वाटलं असेल हो... पण थांबा, त्याचाही दिवस येतो.

झग्याचं सांगायचं राहिलं. चारी बाजूंना कीबोर्ड, हा मध्ये हात पसरून वाजवायचा, तर कोणीतरी लिहिलं की वेडा झालेला कोळी दिसतो. जिव्हारी लागलं. मग अमेरिकेत एका निवेदकाच्या अंगावर झगा दिसला, तो त्याच्याच अंगावरून विकत घेतलान. हात झाकले गेले आणि तेच नाव झालं!

विंदालूनंतर फार टिकला नाही. १९७४च्या मेमध्ये, पंचविसावा वाढदिवस आणि येसला रामराम, सगळं एकदम. येसवाल्यांची तोंडं पडली, पण त्याचं बघा, त्याच सुमारास ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर! ऑर्केस्ट्रा, कॉयर, सगळा लवाजमा घेऊन रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये केलेला. जुलैत क्रिस्टल पॅलेसला तळ्यातून हवेचे डायनोसॉर वर काढलेन. आणि मग... बघा, मला अजून धस्स होतं. हार्ट अटॅक. पंचविसाव्या वर्षी! रात्रंदिवस दौरे, दारू, सिगारेट. डॉक्टर म्हणाले, हे सगळं सोड. आणि हा इस्पितळाच्या खाटेवर पडून काय करतोय, तर राजा आर्थरवर गाणी लिहितोय.

ती गाणी मग बर्फावर. होय, बर्फावर! वेम्बलीला १९७५मध्ये बर्फाचं रिंगण होतंच, म्हणून स्केटिंग करणारे सरदार, घोडे, तलवारी. तिथे काय झालं ते तो स्वतःच सांगतो. जोड्या लावून सरदारांची लढाई, सगळ्यांनी एकमेकांना मारायचं. एका रात्री एक सरदार आजारी. त्याचा जोडीदार बर्फावर गोल गोल फिरतोय, मारायला कोणीच नाही! शेवटी कंटाळून त्याने स्वतःच्याच तलवारीवर अंग टाकलं. (खरं-खोटं तो जाणे, सांगतो मात्र फार रंगवून.) प्रेक्षक खूश, गर्दी भरपूर आणि हिशेबाच्या वहीत खड्डा. हौसेला मोल नाही, पण बिल असतंच ना हो.

मग काय, परत येसमध्ये, १९७६ला. रुसून माहेरी गेलेली सून दोन वर्षांनी आली, की सासूही गोड बोलते. स्वित्झर्लंडला रेकॉर्डिंग, आणि याला हवा खऱ्या चर्चचा ऑर्गन. ऑर्गन वेव्हेला, स्टुडिओ माँत्रोला. तर टेलिफोनच्या तारेवरून वाजवलंन! हा चर्चमध्ये, बाकीचे गावापलीकडे, आणि सूर तारेतून स्वच्छ. त्याच साली आम्ही माझ्या भावाला ट्रंक कॉल लावला होता, दादरहून नगरला. सकाळी लावला, संध्याकाळी लागला आणि ऐकू आलं फक्त ‘हॅलो हॅलो’.

तेव्हापासून नुसती ये-जा. एकूण पाच वेळा आला नि गेला हो! लग्नं चार, येस पाचदा. १९९१ला तर कहरच. येसच्या फुटलेल्या दोन्ही फळ्या एकत्र करून आठ जण एका फिरत्या स्टेजवर, आणि त्यात टोनी केय! वीस वर्षांनी दोघे समोरासमोर. मी यांना म्हटलं, आता रंगणार. पण कसलं काय, गुण्यागोविंदाने वाजवलं की दोघांनी. दौऱ्यात मजा आली म्हणाला. रेकॉर्डचं मात्र नाव काढलं की चिडतो. तिचं नाव ‘युनियन’, हा म्हणतो ‘ओनियन’, कारण ऐकली की डोळ्यांत पाणी येतं!

जीभच तशी. २०१७मध्ये ब्रुकलिनला येसचा मोठा सन्मान झाला, हॉल ऑफ फेमचा. बाकीचे सगळे गंभीर, आभार वगैरे. हा माइकपाशी आला आणि काय बोलला... नाही, ते नाही सांगत. अप्पा ओट्यावर बसलेत, त्यांना कमी ऐकू येतं असं आपल्याला वाटतं फक्त. संध्याकाळी देवळात सांगेन.

पण त्याच माणसाचं दुसरं सांगू? बोवी गेला ना, २०१६च्या जानेवारीत, तेव्हा रेडिओवर एकट्याने पियानोवर ‘लाइफ ऑन मार्स’ वाजवलंन. चेष्टा नाही, झगा नाही. मग रेकॉर्ड काढली आणि पैसे कॅन्सरच्या रुग्णांसाठी दिले. आमचे हे ते ऐकताना चष्मा पुसत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आणि मुलं? बघा, घराण्यात उतरलंच. ऑलिव्हर तर बापाच्याच खुर्चीवर, येसमध्ये, २००८पासून तीनेक वर्षं. त्याच्याहून धाकटा अॅडम, तो कुठे? सबाथकडे! तेच ते, बिअरवाले. बापाने बिअरवर वाजवलं, लेकाने त्यांच्याबरोबर जगभर दौरे केले, अगदी २०१७च्या बर्मिंगहॅमच्या निरोपापर्यंत. पण ऐका, त्याला स्टेजवर बसवत नसत. लोकांना दिसायला हवेत ते चौघेच, म्हणून कीबोर्ड पडद्याआड. तिकडूनच वाजवायचं. मी यांना म्हटलं, बरंय की, बापासारखी चोरी नको. पडद्यामागे खुशाल सहा पापड मोडले तरी कोणाला पत्ता नाही. हे म्हणाले, पापड ठीक आहे गं, पण विंदालूच्या वासाचं काय करणार?