आठ दिवे आणि एक अल्टरनेटर

कळंबोलीत भेटलेल्या त्या ट्रकच्या कपाळावर 8 हॅलोजन होते, प्रत्येकी 100 वॉटचे. समोरच्याचे डोळे दिपतात ही तक्रार नव्हतीच. तक्रार होती की सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते. गणित चौथीतल्या पोराचं आहे. 24 व्होल्टवर 8 दिव्यांना साधारण 33 अँपिअर लागतात. मूळचा अल्टरनेटर 45 चा, तोही इंजिन पळत असताना. घाटात गाड्या तुंबल्या की तो निम्मंही देत नाही, आणि दिवे उरलेलं बॅटरीतून बिनव्याजी उचलतात. भरलेल्या ट्रकला धक्का मारायला मग अख्खा गाव बोलवायचा का?

शेवटी मालकाने 80 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. वायर मात्र तीच, जुनी, शेवयांसारखी बारीक. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आता सर्वांत आधी जळणार ती वायर.

मागचा लाल दिवा महिनाभर बंद आहे. विचारलं तर मालक म्हणाले, “तो आपल्याला कुठं दिसतो?”